गिटारची जवारी

अण्णा नेदरलँड्सला, आमच्याकडे फेल्डहोवनला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत दोन किलो भडंग, आईसाठी सांगलीची हळद, माझ्यासाठी परकर-पोलकं आणि एका जुन्या पंचात गुंडाळलेल्या आठ-दहा कानशी होत्या. परकर-पोलकं नऊ वर्षांच्या मुलीच्या मापाचं होतं आणि मी सोळा वर्षांची होते. ‘फोनवर बारकी दिसतीस गं,’ असं म्हणून ते स्वतःच हसले. मी हसले नाही. अण्णा म्हणजे माझ्या बाबांचे वडील. मिरजेत त्यांचं तंबोरे आणि सतारी बनवायचं दुकान होतं आणि त्यांचा जन्म त्या दुकानाच्या ओट्यावर मांडी घालून गेला होता. व्हिसा तीन महिन्यांचा होता. आमच्या घराचे जिने उभे आणि अरुंद, त्यामुळे माझी खोली त्यांना मिळाली आणि माझी गादी वर माळ्यावर, उतरत्या छपराखाली गेली. तिथे उभं राहिलं की डोकं आपटायचं. गिटार मात्र खाली बैठकीच्या खोलीतच राहिली, कारण माळ्यावरच्या गारठ्यात लाकूड बिघडेल असं अण्णाच म्हणाले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला.

तोपर्यंत आमच्या घरात आवाज म्हणजे यंत्रांचे. शेगडी टुंई करायची, भांडी धुणारं यंत्र घुरघुरायचं, आई वरच्या खोलीत दार लावून पुण्याच्या ऑफिसशी बोलायची. बाबा चिप बनवणारी यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत, तिथे धूळही चालत नाही, म्हणून की काय, घरी आले तरी बेताचंच बोलायचे. अण्णा आले आणि घरात खाकरणं, गुणगुणणं, टकटक सुरू झाली. हाताला लागेल ते ते वाजवून बघायचे. कपाटाचं दार, सायकलचं सीट, जिन्याचा कठडा. पाच वाजता उठून स्वतःचा चहा करायचे आणि बनियनवर, जमिनीवर, मोठ्या खिडकीसमोर बसून तो बशीतून प्यायचे. डच रिवाजाप्रमाणे आमच्या खिडकीला पडदे नव्हते आणि अण्णा आठपर्यंत तिथेच बसलेले असायचे. शाळेला निघालेली माझ्या वर्गातली मुलं सायकलवरून वळताना आत बघायची. एकीने मला विचारलंही, तो म्हातारा माणूस आजारी आहे का, खाली का पडलाय? मी म्हटलं, हो, थोडा आजारी आहे.

जवळच्या न्यूनेन गावाच्या बाजूला शेतकरी शरद ऋतूत रस्त्याकडेला भोपळे मांडून ठेवतात. एका शनिवारी बाबा आम्हाला तिकडे घेऊन गेले. भोपळे दिसल्यावर अण्णा गाडी पुरती थांबायच्या आत उतरले. तंबोरा भोपळ्याचा करतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. अण्णांनी एक एक भोपळा उचलून कानाशी धरला, बोटांच्या पेरांनी वाजवला, मान हलवली, खाली ठेवला, दुसरा उचलला. असे वीस-पंचवीस. शेतकरीणबाई दारात येऊन बघत राहिली. दोन लहान पोरांनीही भोपळे कानाशी धरले आणि आई-बापांना दाखवत खिदळायला लागली. अण्णांना वाटलं त्यांना शिकायचंय. त्यांनी त्यांना मराठीत समजावून सांगितलं की पातळ सालीचा घेऊ नका, घुमत नाही. मी रस्ता ओलांडून समोरच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहिले, बसची वाट बघत असल्यासारखी.

हे सगळं मराठीत लिहिताना मला माझंच हसू येतं. त्या काळात मला मराठी समजायचं सगळं, पण तोंडातून इंग्रजीच निघायचं, रागावले की डच. अण्णा विचारायचे मराठीत, मी उत्तर द्यायचे इंग्रजीत, ते त्यातले दोन शब्द पकडून मान डोलवायचे. मराठी लिहायला मी तिशी उलटल्यावर शिकले, मुळाक्षरांपासून, पहिलीतल्या पोरासारखी पाटी गिरवून. कोणासाठी शिकले ते विचारू नका. ज्यांच्यासाठी शिकले त्यांना आता वाचून दाखवता येत नाही.

अण्णा नेदरलँड्स बघायला आले होते असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरी गोष्ट मला जिन्यात बसून आई-बाबांचं बोलणं ऐकून कळली. अण्णांचे हात थरथरायला लागले होते. त्यांनी केलेले दोन तंबोरे गिऱ्हाइकांनी परत आणून दिले होते, जवारी नीट नाही म्हणून. त्यांचा पुतण्या सुधीरकाका दुकान बघायचा. त्याने गोडीत सांगितलं होतं, अण्णा, आता तुम्ही नुसतं बसा, नावाला बसा. अण्णांनी कानशी पंचात गुंडाळल्या आणि ते मुलाकडे आले. ‘हातात काही नसलं तर हा माणूस जगायचा नाही,’ बाबा म्हणाले. आई म्हणाली, ‘मग इथं तरी काय देणार त्यांच्या हातात? लीकची भाजी चिरायला देऊ?’

जवारी म्हणजे काय ते सांगायला हवं. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात ती हाडाची घोडी अशा बेताने घासायची की तार तिच्यावर अगदी पुसटशी टेकत, हलत राहील. मग तार छेडल्यावर नुसता टण् असा आवाज न येता एक झंकार उठतो आणि तो पसरत, गुणगुणत बराच वेळ राहतो. केसभर जास्त घासलं तर घोडी गेली. कानस, पॉलिश पेपर आणि कान, एवढ्यावर चालणारं काम. अण्णा ज्यांच्याकडे शिकले त्या उस्तादांचं नाव घेताना ते कानाच्या पाळीला हात लावायचे. त्या उस्तादांनी त्यांना पहिली तीन वर्षं कानस हातात धरू दिली नव्हती, नुसतं ऐकायला बसवलं होतं. गिटारचं शास्त्र याच्या नेमकं उलटं. गिटारच्या तारांखालीही हाडाची एक बारीक पट्टी असते, पण तिच्या टोकावरून तार स्वच्छ सुटली पाहिजे. तार गुणगुणली तर ती गिटार दुरुस्तीला द्यायची.

मला गिटार शिकवायची मारलेन. पन्नाशीची, उंच, आखूड नखांची बाई. माझ्यावर तिचा जीव होता, निदान मला तसं वाटायचं. तिने त्या वर्षी आल्फीला बोलावलं होतं. आल्फी इंग्रज, ऐंशीला टेकलेला, जन्मभर युरोपातल्या लहान लहान सभागृहांतून एकटा फोक आणि ब्लूज वाजवत हिंडलेला. फार मोठं नाव नव्हतं, पण गिटारवाल्यांमध्ये त्याचं नाव हळू आवाजात घेत. त्याची एक पद्धत होती. जिथे जाईल तिथल्या एका शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला तो मंचावर बोलवायचा, आणि एक गाणं दोघांनी मिळून वाजवायचं. न्यूनेनला कोण, ते मारलेन ठरवणार होती. तिने मला निवडलं. बाकीच्या सहा मुलांची तोंडं उतरली ती मी नीट पाहून घेतली. दोन महिने मी तेच एक गाणं वाजवत होते, शाळेतून आल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर, बोटांची टोकं दगडासारखी होईपर्यंत. मला वाटायचं त्या दिवसानंतर मी खिडकीतल्या त्या म्हाताऱ्याची नात राहणार नाही, आल्फीबरोबर वाजवलेली मुलगी होईन.

अण्णा रोज ऐकायचे. जमिनीवर बसून, डोळे मिटून, मांडीवर बोटं हलवत. एकदा माझं वाजवून झाल्यावर म्हणाले, ‘हात चांगलाय गं तुझा. पण वाद्य बंद आहे. आवाज निघतो आणि तिथंच मरतो बघ.’

मी फोनमध्ये बघत होते. ‘हं,’ म्हटलं.

‘जवारी उघडायला पाहिजे त्याची. देऊ का करून?’

‘शुअर, अण्णा. डू इट.’

‘बघ हां. नंतर म्हणशील विचारलं न्हाई.’

‘करा ना, करा!’ मी म्हटलं, शेवटचं मराठीत, म्हणजे ते गप्प बसतील. ते काय विचारताहेत ते मी ऐकलंच नव्हतं. हे मी पुढे कोणालाही सांगितलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आज पहिल्यांदा कागदावर येतंय.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. मारलेनने बजावलं होतं की शनिवारी संध्याकाळी नव्या तारा घाल, सुरात आण आणि मग वाद्याला हात लावू नकोस, तारांना आणि बोटांना विश्रांती दे. मी तसंच केलं आणि माळ्यावर जाऊन दहापर्यंत झोपले. अण्णा पाचला उठले. त्यांनी तारा सैल केल्या, हाडाची पट्टी उपसून काढली आणि खिडकीपाशी दिव्याच्या उजेडात बसून चार तास तिच्यावर काम केलं. तारा परत चढवल्या. मी खाली आले तेव्हा ते अंघोळ करून, कोट-टोपी घालून, सोफ्याच्या कडेला तयार होऊन बसले होते. बोटांना पांढरी भुकटी लागलेली होती. आईने विचारलं, ‘अण्णा, पावडर लावलीत का?’ तर लाजल्यासारखे हसले. गाडीत माझ्या शेजारी बसून दोनदा म्हणाले, ‘आज बघ.’ माझ्या कानात इयरफोन होते.

कार्यक्रमाची जागा म्हणजे एक जुनं छोटं चर्च, बाकांच्या जागी खुर्च्या मांडलेल्या, मागच्या बाजूला कॉफी आणि सफरचंदाचा केक. साठ-सत्तर माणसं असतील, बहुतेक पांढऱ्या केसांची. मी बाजूच्या खोलीत गिटार सुरात लावली. गिटारच्या माथ्याला चिमट्यासारखं एक यंत्र लावायचं, ते कंपनांवरून हिरवा दिवा दाखवतं, कानाची गरज लागत नाही. अण्णांना ते यंत्र पटत नसे. डोळ्यांनी सूर लावतात होय, म्हणायचे. बाहेर कपबशांचा आणि गप्पांचा गलका होता. तारा जरा वेगळ्या वाटल्या, पण नव्या तारा कर्कश असतातच, असं मी मनाशी म्हटलं. हिरवा दिवा लागत होता.

आल्फी मंचावर आला तो एक पाय ओढत. डोक्यावर चपटी टोपी, गळ्यात मळकट रुमाल, वाद्याची पाठ कोटाच्या बटणांनी खरवडलेली. ना नमस्कार ना चमत्कार, बसला आणि सुरू झाला. अंगठा खालच्या तारांवर संथ चालत होता, कधी चुकत नव्हता, आणि बाकीची बोटं वर आपल्याच नादात बोलत होती. आवाज फुटलेला, पण प्रत्येक शब्द जागेवर पडणारा. मी बाजूच्या दारातून बघत होते. मला आधी अण्णा दिसले. तिसऱ्या रांगेत, टोपी घालून, आई-बाबांच्या मध्ये. एका जागी आल्फीने काचेची नळी बोटात घालून तार ओढली आणि तो सूर अगदी कडेपर्यंत नेऊन सोडून दिला, तेव्हा अण्णा म्हणाले, ‘वा!’ पिन पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत. पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून बघितलं. अण्णांनी तिच्याकडे बघून मान डोलावली, तुम्हालाही आवडलं ना, अशा अर्थाने. गाण्यानंतर आल्फीने सांगितलं की हे गाणं त्याला तरुणपणी एका म्हाताऱ्या वादकाने शिकवलं, आणि त्याचं नाव घेताना डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. इंग्रजी न कळणाऱ्या अण्णांनी कानाच्या पाळीला हात लावला. ‘गुरूचं नाव घेतलं का रे?’ त्यांनी बाबांना विचारलं. बाबा ‘हो’ म्हणाले. ‘जाणकार माणूस आहे,’ अण्णा म्हणाले. हेही सगळ्यांना ऐकू गेलं.

मग माझं नाव घेतलं गेलं. मी आल्फीशेजारी बसले, मारलेनने माझ्या गिटारसमोर माईक सरकवला. सुरुवात मला एकटीला करायची होती, आठ मात्रांनी तो येणार. मी पहिली खालची तार छेडली आणि त्या चर्चभर एक झंकार पसरला. बंदच होईना. दुसरी तार छेडली तर तो त्यात मिसळला. मला वाटलं माईकमध्ये बिघाड आहे, म्हणून मी आणखी जोरात वाजवलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. आल्फीने हात वर केला. ‘थांब पोरी,’ तो इंग्रजीत म्हणाला, ‘काय आहे तुझ्या त्या गिटारमध्ये?’ लोक हसले. मी खाली बघितलं. हाडाची पट्टी काल टोकदार होती, आज ती सपाट, उतरती, शिंपल्यासारखी चकचकीत झाली होती. अण्णांच्या बोटांची पांढरी भुकटी मला आठवली आणि सगळं लख्ख कळलं.

त्या क्षणी आल्फीकडे बघून इंग्रजीत एक वाक्य म्हटलं असतं तरी झालं असतं. माझे आजोबा सतारी बनवतात, त्यांनी त्यांच्या पद्धतीने हे केलंय. पण माझा चेहरा तापला होता आणि हसणारी माणसं मला माझ्या बाजूला हवी होती. मी आल्फीकडे पाठ केली आणि लोकांकडे बघून डचमध्ये म्हणाले, ‘हे माझ्या आजोबांनी केलंय. ते बघा, तिसऱ्या रांगेत, टोपीवाले. त्यांना गिटार आणि सतार यांतला फरक कळत नाही. रस्त्याकडेचे भोपळेसुद्धा वाजवतात ते.’

चर्च हसण्याने भरून गेलं. साठ-सत्तर माणसं मागे-पुढे वळून तिसऱ्या रांगेकडे बघायला लागली. आणि अण्णांना वाटलं की मी त्यांचं नाव घेतलं. मंचावरून नातीने कारागिराची ओळख करून दिली, आणि आता सभा त्यांच्याकडे बघतेय. ते उठून उभे राहिले. कोटाचं बटण लावलं. मग मिरजेत सत्काराला करतात तसा आधी समोर, मग उजवीकडे, मग डावीकडे, असा तीन बाजूंना वाकून नमस्कार केला. हसू आणखी वाढलं, काहींनी टाळ्या वाजवल्या. बाबांना डच येत होतं. ते अण्णांचा कोट खाली ओढत होते आणि अण्णा त्यांचा हात झटकत होते. मीही हसत होते. हसणं मला थांबवता आलं असतं, पण थांबवलं नाही, कारण लोक आता माझ्याबरोबर हसत होते.

आल्फीला डच येत नव्हतं. तो हसला नाही, कशाला हसताहेत तेच त्याला कळलं नव्हतं. त्याने नुसता हात पुढे केला. मी गिटार दिली. त्याने एक तार छेडली आणि कान जवळ नेऊन ती विझेपर्यंत ऐकत बसला. मग दोन तारांचे सूर खाली उतरवले आणि माझं गाणं, मी दोन महिने घासलेलं गाणं, निम्म्या लयीत एकट्याने वाजवायला लागला. सूर एकमेकांत मिसळत होते, प्रत्येक सुराच्या मागे एक आवाज राहत होता, आणि तो म्हातारा त्या आवाजावर रेलून गात होता. सगळे गप्प झाले. मी मंचावर रिकाम्या हातांनी बसले होते, हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. इतकं सुंदर त्या दुपारी त्याने दुसरं काही वाजवलं नाही. आज मी हे कबूल करते, तेव्हा केलं नसतं. गाणं संपल्यावर टाळ्या थांबेनात. आल्फीने गिटार माझ्या मांडीवर ठेवली, माझ्या पाठीवर थोपटलं आणि खाली जायची खूण केली. मी एक ओळसुद्धा धड वाजवली नव्हती.

नंतर कॉफीच्या टेबलापाशी त्याने मला गाठलं. ‘ते कोणी केलं म्हणालीस?’

‘माझ्या आजोबांनी. चुकून.’

‘चुकून असं होत नाही,’ तो म्हणाला. ‘असा आवाज मी जन्मभर शोधतोय. माझ्या गिटारला करून देतील का? मी मंगळवारपर्यंत मारलेनकडे आहे. तू त्यांना घेऊन ये, नाहीतर मी तुमच्याकडे येतो. विचार ना आत्ता.’

अण्णा दहा पावलांवर उभे होते. हातातली कॉफी बशीत सांडली होती आणि ते आमच्याकडेच बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर आमची बैठकीची खोली आली, जमिनीवर अण्णा आणि त्यांच्यासमोर आल्फी, आणि मी दुभाष्या. माझ्या वाट्याचं होतं ते सगळं अण्णांच्या वाट्याला.

‘त्यांचे हात गेलेत,’ मी म्हटलं. ‘हे शेवटचं होतं. आता ते करत नाहीत.’

आल्फीने अण्णांकडे बघून टोपीला बोट लावलं. अण्णांनी कॉफीचा कप उंच केला. गाडीत त्यांनी विचारलं, ‘काय म्हणत होता गं तो?’ मी म्हटलं, ‘नथिंग. जस्ट थँक्यू.’ मारलेनचे त्या दोन दिवसांत चार फोन आले. मी उचलले नाहीत, आणि तिच्याकडे शिकायला पुन्हा गेलेही नाही.

त्यानंतरचा आठवडा अण्णांचा होता. आईला ते सांगायचे, बाबांना सांगायचे, शेजारच्या डच आजीला कुंपणावरून खुणांनी सांगायचे. आई-बाबांनी ठरवलं होतं की म्हाताऱ्याला काही कळू द्यायचं नाही. आई मला स्वयंपाकघरात म्हणाली होती, ‘करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण मारुती झालाय हे त्यांना सांगू नकोस, शरू. पाया पडते तुझ्या.’ बाबा कामासाठी तैवानला गेले. अण्णांचा आवाज चढला होता, चालणं बदललं होतं. एका संध्याकाळी मी जिन्यात असताना ते फोनच्या स्पीकरवर सुधीरकाकाशी बोलत होते. ‘उस्ताद माणूस होता रे. माझी जवारी ऐकली आणि नातीच्या हातातलं वाद्य मागून घेतलं त्यानं. मी आलो की पहिले दोन तंबोरे मीच करणार. तू मला बस म्हणू नकोस आता. ओट्यावरची माझी जागा साफ करून ठेव.’ पलीकडून सुधीरकाका म्हणाला, ‘तुमचीच जागा आहे अण्णा, या तुम्ही.’ तो खरंच खूश झालेला वाटला.

त्या रात्री जेवायला आम्ही तिघंच होतो. भात, आमटी, लीकची पीठ पेरून केलेली भाजी. अण्णांनी पुन्हा सुरू केलं. ‘आणि सगळी माणसं माझ्याकडे वळली बघ...’

‘ते हसत होते तुम्हाला,’ मी म्हणाले.

आई म्हणाली, ‘शरू.’

‘मी त्यांना सांगितलं की तुम्हाला गिटार आणि सतारीतला फरक कळत नाही. म्हणून ते हसले. तुम्ही उठून नमस्कार केलात म्हणून आणखी हसले. गिटारला जवारी नसते, अण्णा. ती बिघडवलीत तुम्ही.’ एक इंग्रजी शब्द आला नाही. इतकं स्वच्छ, सरळ मराठी मी त्या घरात कधी बोलले नव्हते.

अण्णांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो परत ताटात ठेवला. आई काहीतरी बोलायला गेली तर त्यांनी तिला हाताने थांबवलं.

‘आणि तो?’ त्यांनी विचारलं. ‘तो वाजवणारा? तो पण हसला?’

ते माझ्याकडे बघत होते. बाकी कोणी हसलं असेल तर असो, लोकांना काय कळतं, हे त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं. सगळं त्या एका माणसावर होतं. आणि तो काय म्हणाला होता हे त्या टेबलावर फक्त मला माहीत होतं.

‘सगळ्यांत जास्त तोच हसला,’ मी म्हटलं. ‘किती वाईट वाजतंय ते लोकांना ऐकवायला त्याने माझी गिटार घेतली होती.’

अण्णांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, ‘मला वाटलं होतं लागली जवारी. मला तसंच ऐकू आलं.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘म्हणजे कानही गेला.’

त्यांनी उठून हात धुतले. आईकडून सुधीरकाकाचा नंबर लावून घेतला, आणि तिथेच उभं राहून त्याला सांगितलं की ओट्यावरची जागा साफ करायची घाई नको, तंबोरे तूच कर. पलीकडून तो काय झालं, काय झालं विचारत होता. अण्णांनी फोन आईला परत दिला. मग ते माझ्या खुर्चीपाशी आले. मला दोन महिने रोज वाजवताना त्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे माझं काय गेलं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

‘तुझा कार्यक्रम माझ्यामुळं गेला गं,’ ते म्हणाले. ‘चुकलं माझं. मनात ठेवू नकोस.’

‘असू दे, अण्णा,’ मी म्हणाले, आणि त्यांना माफ केलं.